दोक्मानची मान

कालवं फोडायच्या शेडमध्ये ओक्दानताई माझ्या उजव्या हाताला बसते आणि चर्चमध्ये डाव्या. म्हणजे आठवडाभर तिची कटकट माझ्याच कानाशी. तिला स्वतःला नीट ऐकू येत नाही, म्हणून ती बोलते तेव्हा आमच्या अख्ख्या बंदराला ऐकू जातं. कुणाचं कालव नासकं निघालं, कुणाची सून उशिरा उठते, पाळकसाहेबांचा उपदेश कुठे लांबला, सगळं जाहीर.

त्या हिवाळ्यात मात्र तिचं तोंड बंद पडलं. दोनदा सुरी निसटून हातमोज्याच्या आत गेली. मधेच उठायची, धक्क्यापर्यंत जायची, परत यायची, बूड टेकतंय न टेकतंय तोवर पुन्हा उठायची. तिच्या येण्याजाण्याने माझ्याच जिवाला घोर लागला.

शेवटी मी खेकसले, "ताई, बस की एका जागी! बुडाखाली निखारा ठेवलाय का कुणी?"

"मला चर्चमध्ये साक्ष द्यायला सांगितलंय, सोंगजा," ती म्हणाली. पहिल्यांदाच हळू आवाजात.

तिचा नवरा दोक्मान वसंतात गेला. होडीवाला माणूस. समुद्रावर नसला की सोजू दारूच्या बाटलीपाशी. जन्मात चर्चची पायरी चढला नाही. पाऊस आला तर छत्री घेऊन फाटकापर्यंत यायचा आणि बायको बाहेर येईस्तोवर सिगारेट ओढत उभा राहायचा. ओक्दानताईने लग्न झाल्यापासून एकही पहाटेची प्रार्थना त्याच्या नावाशिवाय केली नव्हती. तो शेवटच्या घटका मोजत होता तेव्हा बांग पाळकसाहेब दवाखान्यात गेले. त्याचा हात हातात घेऊन त्यांनी विचारलं, प्रभूला आपला तारणारा म्हणून स्वीकारता का, बोलवत नसेल तर नुसती मान हलवा. आणि मान हलली. पाळकसाहेब रडले. रविवारी त्यांनी व्यासपीठावरून सांगितलं, तेव्हा आम्ही सगळे रडलो. मी तर रुमाल भिजवला.

आता आमच्या चर्चच्या मंडळीच्या वर्धापनदिनाच्या सभा होत्या, आणि शेवटच्या संध्याकाळी ओक्दानताईने ही हकिगत सगळ्यांसमोर सांगायची होती.

"मग सांग की! तुला कधीपासून बोलायची लाज वाटायला लागली?"

"मान खोकल्याने हलली गं."

माझ्या हातातलं कालव टोपलीऐवजी चिखलात पडलं. "तेव्हाच का नाही बोललीस?"

"पाळकसाहेब रडत होते. आणि मलाही वाटलं, हलवली असेल. बाईच्या मनाला वाटायला काय लागतं?"

मला राग आला, खरं सांगते. माझंही माणूस गेलंय, मला कळतं. मी म्हटलं, "सगळी मंडळी तुझ्या नवऱ्याला स्वर्गात बसवतेय, आणि तू बायको असून त्याचा पाय धरून खाली ओढतेस?"

"नववी आज्ञा काय आहे?"

"शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. इथे विरुद्ध कुठे आहे? बाजूनेच आहे की!"

ती माझ्याकडे नासक्या कालवाकडे बघावं तशी बघत राहिली. "बाजूने असलं म्हणून खोट्याचं खरं होतं का?"

असं म्हणून पुन्हा उठली आणि धक्क्याकडे गेली.

ती पाळकसाहेबांकडेही गेली होती. पहिल्यांदा दारातूनच परतली. दुसऱ्यांदा पाळकीणबाईंनी तिला बोलूच दिलं नाही; हातात मुळ्याच्या किमचीचा डबा देऊन वाटेला लावलं. तिसऱ्यांदा तिने सांगितलं. पाळकसाहेब म्हणाले, "ताई, मी या डोळ्यांनी बघितलंय. दुःखी माणसाच्या मनात शंका पेरणं हे सैतानाचं कामच आहे." ते खोटारडे नाहीत. त्यांना जे दिसलं ते ते बोलत होते. पण त्या दिवसापासून ओक्दानताईला दुसराच भुंगा लागला. आपल्या मनात बोलतोय तो प्रभू की सैतान?

त्यात मिर्योंगची भर. ही आमच्या शेडमधली पोरगी, नुकतीच मंडळीत आलेली. हिचा नवरा प्यायला की ताटासकट मेज उलथतो. तिने आपली सगळी आशा दोक्मानच्या मानेला बांधून ठेवली होती. "मावशी, काकांची हलली, तर आमच्या ह्यांचीही हलेल ना?" रोज एकदा तरी विचारायची. आणि प्रत्येक वेळी ओक्दानताई सुरी टाकून धक्का गाठायची.

शेवटची संध्याकाळ आली. साक्षीच्या आधी सामुदायिक प्रार्थना. आमच्याकडे ती शांत नसते. सगळे मिळून तीनदा "प्रभू!" अशी हाक मारतात आणि मग जो तो आपापलं गाऱ्हाणं मोठ्याने मांडतो. एवढा गलका होतो की शेजारच्याचं अक्षर कळत नाही, म्हणून तर पोटातलं सगळं बाहेर येतं. पाळकसाहेबांनी घंटी वाजवली की सगळे एकदम गप्प. त्या गलक्यात ओक्दानताईच्या कानातलं यंत्र शीळ घालतं, म्हणून ती ते काढून मुठीत धरते. मग घंटी तिला कुठली ऐकू यायला? घंटी झाली की तिच्या खांद्यावर थाप मारायची, ही माझी सेवा. पण त्या दिवशी आमच्या दोघींच्या मधे मिर्योंग येऊन बसली होती.

घंटी झाली. सगळे थांबले. एक आवाज तेवढा चालूच राहिला.

"प्रभू, ह्यांनी मान हलवली नाही. तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. खोकला होता तो. त्या खोकल्याची आता साक्ष करतील. खोटं बोलले तर तुझ्यापुढे कुठल्या तोंडाने उभी राहू? आणि खरं बोलले तर ह्यांना शोधू कुठे? सांग ना, कुठे शोधू?"

मी मिर्योंगच्या पुढून हात घातला. तिने माझं मनगट पकडलं, कालवं फोडणाऱ्या हाताची पकड ती. "बोलू द्या," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

ओक्दानताईने डोळे उघडले. सगळ्या माना तिच्याकडे वळलेल्या. तिने यंत्र कानात घातलं.

"घंटी झाली?"

"मघाशीच झाली, ताई," मी म्हटलं.

ती उठली. मग न बोलावताच पुढे गेली. पाळकसाहेब घंटी हातात धरून तसेच उभे होते.

"ऐकलंत ते खरं आहे," ती म्हणाली. "पाळकसाहेब खोटं बोलले नाहीत. मी गप्प बसले, खोटी मी. पाळकसाहेब दवाखान्यातून निघून गेल्यावर आमचे हे बोलले. धाप लागली होती, तरी बोलले. म्हणाले, आज पहाटेच्या प्रार्थनेला गेली नाहीस? मी म्हटलं, तुम्हाला टाकून कशी जाऊ? तर म्हणाले, जा, तुझा देव वाट बघत असेल. त्यानंतर काही बोलले नाहीत."

"आमेन!" पुढच्या बाकावरचे एक ज्येष्ठ ओरडले. "देव वाट बघतो म्हणाले! हाच विश्वास!" सगळीकडून आमेन उठलं. पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. "ताई, हीच तर साक्ष!" मीही आमेन म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. देवा, माझा जीव कसा भांड्यात पडला. आता तिने फक्त मान हलवायची होती.

ओक्दानताईने दोन्ही हातांनी व्यासपीठाची कड धरली.

"तुझा म्हणाले," ती म्हणाली. "माझा नाही म्हणाले. शेवटी शेवटी मीच ह्यांच्या तोंडात घास भरवला. शब्द नाही भरवणार. सर्व जगाचा न्यायाधीश न्यायच करील, असं लिहिलंय. मी ह्यांना तिथे सोपवलंय. मला पुरत नाही ते. पण त्याच्यापुढचं मला ठाऊक नाही, तर सांगू कुठून?"

कुणी आमेन म्हटलं नाही. ती खाली उतरली आणि दार उघडून बाहेर गेली. धक्क्यावर गेली असणार.

मिर्योंग बरेच दिवस तिच्याशी बोलली नाही. मग एकदा शेडमध्ये फुटलीच. "तुमच्यामुळे माझी आशा गेली, मावशी!"

"मानेवर टांगलेली होती ती," ओक्दानताई सुरी न थांबवता म्हणाली. "उद्या पहाटे ये. घरी हाक मारायला येऊ का?"

आता मिर्योंग पहाटे आमच्या दोघींच्या मधे बसते. ओक्दानताई अजून धक्क्यावर जाते; तिचा जीव थाऱ्यावर आलाय असं मी म्हणणार नाही. माझी सेवा मात्र गेली. पाळकसाहेब घंटी उचलतात, आधी आमच्या बाकाकडे बघतात, तिचे ओठ थांबले की मगच वाजवतात. बाकीच्यांचं गाऱ्हाणं संपून जातं, हिचं संपत नाही, आम्ही ताटकळत बसतो. आमच्या मंडळीत गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करायची नसते, हे तिला पक्कं ठाऊक आहे. म्हणून ती दोक्मानचं नाव घेत नाही. ती मिर्योंगच्या नवऱ्याचं नाव घेते, अख्ख्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात.