राखणदाराची बाटली

हळर्णहून मी निघाले ती खनिजाच्या ट्रकमधून. मांडीवर लोणच्याची बरणी, पायाशी ट्रंक, आणि केसांत एवढी अबोली की मान वळवायचीही पंचाईत. आई वळणापर्यंत ट्रकमागून चालत आली. "रडू नको गे, कारापूर म्हणजे काय मुंबय न्हय," म्हणाली आणि स्वतःच रडली. मी कशाला रडते? नवरा खाणीवरचा ड्रायव्हर, म्हणजे मी राणीच! सीटखाली फडक्यात गुंडाळलेली बाटली दिसली होती मला. मला वाटलं, इंजिनाचं तेल असेल.

हळर्णात राहिलेल्या भावजयांनो, आणि माझ्यासारख्याच खाणींमागे आलेल्या मैत्रिणींनो, हसा पोटभर. त्या पोरीला मीही हसते.

कारापुरात सकाळी पेजेऐवजी दारावर येणाऱ्या पाववाल्या पदेराचा पाव आला, दोरीवरच्या लुगड्यांवर तांबडी धूळ आली, आणि मला खोटं बोलायची कला आली. हे पिऊन पडले की मुकादमाला निरोप माझा: ताप आलाय. मी ह्यांना जेवढे ताप आणले तेवढे साऱ्या डिचोली तालुक्यातल्या डासांनी मिळूनही आणले नसतील. एकदा ह्यांनी ढकललं आणि विहिरीच्या काठावर माझा पुढचा दात गेला. शेजारणीला म्हटलं, चणे खाताना पडला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मऊ भात आणून दिला.

त्या वर्षी माहेरी गेले तेव्हा भावाकरवी राखणदाराला गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गावाच्या सीमेवरचा राखणदार रोट, विडी आणि सोरो घेतो, म्हणजे दारूच. नवस मी घरूनच बोलले, "ह्यांची सोडव, तुला बाटली देईन." दारू सुटावी म्हणून दारूचाच नवस! भाऊ हसला नाही, गाऱ्हाणं घालणारा भट हसला नाही, मी तर नाहीच नाही.

मग खाणीवरच्या नर्सबाईंनी सांगितलं, फोंड्याला शनिवारी संध्याकाळी दारू सोडलेल्यांची बैठक भरते. मी वाड्यावर सांगून टाकलं, आम्ही भजनाला जातो. फोंड्यात उतरल्यावर दारुड्यांची बैठक कुठे, असं विचारायला जीभ रेटेना, म्हणून तिथेही भजनच विचारलं. लोकांनी देवळात नेऊन बसवलं. असे दोन शनिवार गेले. ह्यांनी कापऱ्या हातांनी टाळही वाजवले. तिसऱ्या शनिवारी फुलवाली म्हणाली, "बाय, घोवाचे हात बघ. तुका देवळात न्हय, त्या शाळेत जावचा हा."

शाळेत हे एका वर्गात गेले. मी मागोमाग शिरू लागले, तर एका म्हातारीने दंड धरला. "तुझी खोली बाजूची." मी भडकले. "मी काय पिते?" त्या खोलीत बसलेल्या, पिणाऱ्यांच्या बायका एकदम हसल्या. "पहिल्या दिवशी आम्हीही हेच म्हटलं," म्हातारी म्हणाली. मी पोरांच्या बुटक्या बाकावर बसले आणि दाताची खरी गोष्ट पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडली.

सहा महिने हे प्याले नाहीत. परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मला देत. एकदा वाटेत स्वतःहून म्हणाले, "तो दात बसवून घेऊया." मी म्हटलं, राहू दे, शीळ चांगली वाजते.

आणि मला नवस आठवला. सहा महिने झाले, देव कोपला तर? मी स्वतः दुकानात जाऊन बाटली आणली, तशीच फडक्यात गुंडाळली, आणि सकाळच्या बसने ह्यांच्याच हाती हळर्णला पाठवली. बैठकीत विचारायचं सुचलं नाही. देवाचं काम, त्यात त्या बायांना काय विचारायचं? हे दारात घुटमळले. "तूय चल गे वांगडा." मी म्हटलं, "राखणदाराकडे बायका जात नाहीत. उशीर होतोय, निघा."

तिसऱ्या दिवशी भावाने त्यांना ट्रकमध्ये आडवं घालून आणलं. देवापुढे थोडी ओतली होती म्हणे. उरलेली प्रसाद म्हणून घेतली, आणि मग गावात जिथे मिळाली तिथे. त्यानंतर ते फोंड्याला कधी आले नाहीत. दोन वर्षांत पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. जायच्या आधी एकदा म्हणाले, "तुझ्या देवाचं देणं फेडलं हां मी." रागाने म्हणाले की मस्करीने, अजून कळलेलं नाही.

मी मात्र शनिवारची बस सोडली नाही. आता दंड धरणारी म्हातारी मीच. परवा हिरव्या चुड्याची एक आली, म्हणाली, "ते फक्त थकवा घालवायला घेतात." मी बाकावर सरकून जागा दिली.

गेल्या जत्रेला हळर्णला गेले तेव्हा राखणदारासमोर एकटीच उभी राहिले. कुणी अडवलं नाही. तेव्हाही अडवलं नसतं बहुतेक. नारळ ठेवला आणि म्हटलं, बाटली माझ्याकडे पुन्हा मागू नकोस, मागच्या वेळी माणूसच दिला तुला.

माहेर विचारलं की अजून हळर्ण सांगते, सासर कारापूर. घर मात्र फोंड्याच्या शाळेतली ती खोली. तिथे कुणाच्याच नवऱ्याला ताप आलेला नसतो.