तांदळात लिहिलेलं नाव

कॉलेजच्या वाचनालयात पेपर चाळत होते. एका निधनवार्तेत नाव होतं वैष्णवी, गाव जयसिंगपूर. अशी कुणी बाई माझ्या ओळखीची नव्हती. पान उलटणार, तेवढ्यात फोटोकडे लक्ष गेलं... ती आमच्या हुपरीच्या गल्लीतली नंदाताई होती. या गोष्टीला आता महिना होत आला. मला असं लिहायची सवय नाही. पण त्या परक्या नावाखाली ती हरवून जाईल असं वाटत राहतं, म्हणून लिहिते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नंदाताई दहावीला फक्त इंग्रजीत अडकलेली, मी आठवीत. दुपारी ती सोप्यात बसून पैंजणांच्या कड्या जुळवायची आणि मी शेजारी बसून क्रियापदांची रूपं मोठ्यानं म्हणायची. दोघींच्याही घरात इंग्रजीतलं काही विचारावं असं कुणी नव्हतं. कौलातल्या काचेतून उन्हाचा पट्टा खाली उतरायचा, चांदीवरून उजेडाचे ठिपके भिंतीवर हलायचे आणि त्या किणकिणीत 'ब्रिंग, ब्रॉट, ब्रॉट' असं काहीतरी मंत्रासारखं चालू असायचं. मी अर्धवट झोपेतच असायची. अजूनही कोल्हापूरच्या एसटीत डुलकी लागली की ती रूपं तशीच, चांदीच्या आवाजासकट कानात येतात...

'गो, वेंट, गॉन' आलं तेव्हा मी रडकुंडीला आले. "गोचं वेंट कसं झालं गं?"

"लगीन झालं असंल तिचं," ताई मान वर न करता म्हणाली. "तुझी आई म्हायेरी शेवंता, हितं सुमन. कुणी इचारलं का, कसं झालं म्हणून? तसंच हाय ते. पाठ कर."

मग 'कट' आणि 'पुट' आले, कधीच न बदलणारे. त्यांच्यावर तिचा फार जीव. "ह्या बघ कशा, सासरी जाऊन बी हाईत तशाच!"

वाक्प्रचारांशी मात्र ती भांडायची. इंग्रजीत घेवडा सांडणं म्हणजे गुपित फोडणं, असं मी वाचून दाखवलं तर म्हणाली, "आमच्यात गुपित फुटल्यावर हातातला घेवडा सांडतोय की!" हसून हसून कड्या विस्कटल्या. त्या वेचता वेचता ती गंभीर झाली. "संगे, आपण डोकं खाऊ नगं म्हणतो. ते कुणी ताटात वाढलंय व्हय? त्यांचं बी तसंच. शब्द धरून बसायचं न्हाय. कोण कुणाला कवा म्हणतंय, ते बघायचं." आज इतक्या वर्षांनी, या वयात बी.ए.ला इंग्रजी घेतलंय, आणि अडले की मी तेवढंच करते.

तिला स्थळं येऊ लागली. आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. नंदाताईनं तिच्या आईला सांगून टाकलं, "मी नाव बदलणार न्हाय. ह्या नावानं नापास झालोय, ह्याच नावानं पास हुणार, आन् ह्याच नावानं नांदणार."

"ह्या नावानं काय दिवं लावलंस गं?" आई कडाडली.

ऑक्टोबरच्या परीक्षेत ती पास झाली. गल्लीभर पेढे वाटले. पुढच्या वैशाखात लग्न झालं, आणि तांदळात 'वैष्णवी' उमटलं. बायकांनी ते मोठ्यानं वाचलं. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. पाठवणीच्या वेळी मी तिच्या कानाशी विचारलं, "ताई, नाव?"

शालू सावरत ती म्हणाली, "तांदूळ हाईत ते. शिजवून खातील. बघू की..."

पुढं त्या नावाचं काय झालं ते मला कधी कळलंच नाही. माहेरी ती सगळ्यांची नंदाच होती. लग्नकार्यात भेट व्हायची ती गर्दीत. विचारायचं राहून गेलं, आणि पेपरात तो फोटो आला.

परवा जयसिंगपूरला जाऊन आले. "आमची वैष्णवी गेली गं," म्हणत तिच्या सासूबाई रडल्या. मी मान खाली घालून बसले. हरली बिचारी, असं मनात आलं. इतक्यात ताईचे यजमान, आमचे दाजी, कामावरून आले. मला बघून थबकले, चपला काढल्या, आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून सहज हाक मारली, "नंदा, हुपरीची पावणी आलीया. च्या टाक."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. दाजी उंबऱ्यातच उभे राहिले, हाक मारली त्याच दिशेला बघत...

मी उठले आणि आत जाऊन चहा ठेवला.