जावेचा चाकू आणि माझा

आधीच सांगते, माझं अक्षर कोंबडीने माती उकरल्यासारखं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेतही जमलं नाही, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. चुकलेलं सांभाळून घ्यावं. वाचणारं कोणी नाही, तरी लिहिताना कोणीतरी खांद्यावरून बघतंय असं वाटतं, म्हणून माफी मागून ठेवते.

माझं माहेर धुळ्याकडचं, सासर पहूरच्या बाजूला. घरात दोघे भाऊ. चुली वेगळ्या, मधे एक भिंत. भिंतीपलीकडे मोठी जाऊ. तिला मी अक्का म्हणायची. अक्काकडे एक घडीचा चाकू होता. तिचा भाऊ ट्रकवर होता, त्याने कुठून तरी आणून दिलेला. काळपट लाकडी मूठ, पितळेचे तीन खिळे, आणि बोटभर लांब पातं. दिसायला काही नाही. पण त्या चाकूवाचून आमच्या शेतात पान हलायचं नाही.

आमच्याकडे भरताची वांगी असायची. या वांग्याचं देठ जाड आणि काटेरी. हाताने ओढलं तर फांदीच मोडून येते. विळ्याने कापायला गेलं तर झाडात हात घालायला जागा नसते. म्हणून छोटा चाकूच लागतो. शेजारपाजारच्या बायका आळीपाळीने एकमेकींच्या शेतात तोडणीला जायच्या, आणि सकाळपासून एकच हाक ऐकू यायची.

"अक्का, तुहा चाकू दे व जरा!"

कोणाच्या पायात काटा गेला, अक्काचा चाकू. पोत्याची सुतळी तोडायची, अक्काचा चाकू. ऊस सोलायचा, अक्काचा चाकू. ती हसत हसत कमरेचा चाकू काढायची, नखाने उघडायची आणि मुठीकडून पुढे करायची. त्याबरोबर एखादी थट्टा फुकट.

माझ्याशी बायका फार बोलायच्या नाहीत. त्यात त्यांचा दोष नाही, मीच बोलत नव्हते. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच तोडणीला मी म्हणाले होते, "टोपली भरी गई शे." सगळ्या खो खो हसल्या. तेव्हापासून माझं नाव पडलं शेबाई. आमच्या अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात, त्यांची बोली वेगळी. मग मी तोंड मिटून घेतलं. तोंड मिटलं की माणसाचे डोळे फार चालतात. माझे अक्काच्या कमरेवर चालायचे.

एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागायची. बाकीच्या बायकांना ती चाकू हातात द्यायची. मी मागितला तर खाली मातीवर ठेवायची आणि म्हणायची, "घे." मी वाकून उचलायचा. दर वेळी. आमच्या माहेरी मीठ-मिरची हातावर देत नाहीत, ते मला ठाऊक होतं. पण चाकूचं असं काही ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, ही मला सगळ्यांसमोर खाली वाकवते.

आणि माझा नवरासुद्धा. ठिबकची नळी कापायची असो की बैलाची दोरी, तो भिंतीपलीकडे जायचा. "वहिनी, चाकू द्या." तिथे चहा व्हायचा, हसणं व्हायचं. भिंत मातीची होती, सगळं ऐकू यायचं. वाईट काही नव्हतं त्यात, हे मला तेव्हाही कळत होतं. पण एक साधं लोखंडाचं पातं माझ्या घरात असतं तर तो तिकडे गेला नसता, एवढंच मला दिसत होतं.

एकदा धीर करून म्हटलं, "आपणही एक चाकू घेऊ."

तो म्हणाला, "वहिनीजवळ आहे ना. एका अंगणात दोन कशाला?"

त्या दिवशी भाकरीला माझ्याकडून मीठ जास्त पडलं.

मग गावच्या बाजारात मीच एक घेतला, दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचलेल्या पैशातून. चादर पसरून बसलेल्या माणसाकडे होता. माशाच्या आकाराची मूठ, हिरवी, उन्हात नुसती चमकत होती. माशाला लाल डोळासुद्धा होता. अक्काच्या चाकूपेक्षा देखणा होता, म्हणून घेतला. दुसरं काहीच पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तोडणीला मुद्दाम सगळ्यांना दिसेल असा काढला. तिसऱ्या की चौथ्या देठाला जोर लावला तर पातं मागे वळलं आणि माझ्या बोटावर मिटलं.

"शेबाईले मासा चावला व!" एक जण ओरडली. अख्खं वावर हसलं.

अक्का हसली नाही. धावत आली, पदराची कड टराटरा फाडून बोट बांधलं. "झाक पाहून घेतला का व? मले विचारायचं ना," एवढंच म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं बोट दुखतंय. ती हसली असती तर बरं झालं असतं. फाटलेला पदर कमरेला खोचून ती पुढच्या सरीला गेली आणि तिचा चाकू तसाच कचकच चालत होता.

त्यानंतर मी तो चाकू नीट बघायला लागले. तिने मातीवर ठेवला की उचलून लगेच परत द्यायची नाही. पातं उघडलं की ते डावी-उजवीकडे हलत नाही, हे पाहिलं. पाठीला पोलादाची पट्टी आहे, ती पात्याला उघडल्यावर घट्ट धरते आणि मिटल्यावरही आपोआप उघडू देत नाही, म्हणून तो कमरेत टोचत नाही. खिळे मुठीच्या वर आलेले नाहीत, हाताला फोड येत नाही. पात्याची पाठ जाड आहे. नखाची खाच खोल आहे, हात ओले असले तरी उघडतो. तिच्या चाकूची एवढी ओळख तिलाही नसेल.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. हळदीला आम्ही दोघी जावा धुळ्याला गेलो. बाजारात बांगड्या घ्यायला निघालो तर रस्त्यात विळे-कुऱ्हाडींचं दुकान दिसलं. मी थांबले. मागे अक्का आहे हे विसरून मी सरळ म्हणाले, "दादा, घडीना चाकू दखाड."

"भाजीना का?"

"वावरना कामना. काल लिधा नि आज मोडना, असा नको."

त्याने पाच-सात समोर टाकले. मी एकेक उघडून हलवून पाहिला. मिटून झटकला. कानाजवळ नेऊन पट्टीचा आवाज ऐकला. खिळ्यांवरून अंगठा फिरवला. उन्हात धरून पात्याची पाठ पाहिली. एकाची मूठ चांगली पण पातं पत्र्यासारखं. एक जाडजूड, पण कमरेला वजन होईल. दुकानदार वैतागला.

"ताई, तू चाकू लेवाले उनी का नवरदेव दखाले?"

"नवरदेव दखाले कोन इतला येळ देस, दादा? तो न दखताच लिधा."

दुकानदार हसला. मागे अक्का मोठ्याने हसली तेव्हा ती तिथे आहे हे माझ्या ध्यानात आलं.

"तू त बोलतेच न व!" ती म्हणाली. "मले वाटे तुले तोंडच नाही."

शेवटी एक निघाला. शिसवीची मूठ, पितळेचे खिळे, पातं असं घट्ट की उघडताना अंगठा दुखला. दुकानदार म्हणाला, "बठ्ठासमा हाऊच खरा शे," म्हणजे सगळ्यांत हाच खरा. भाव ऐकून मी चाकू खाली ठेवला. माझ्याजवळ निम्मेच होते.

अक्काने बटव्यातून बाकीचे काढून फळीवर ठेवले. मी नको म्हणाले. ती म्हणाली, "परत दे ना मंग. फुकट कोन देऊ राह्यलं तुले?"

जिच्या बरोबरीला यायचं म्हणून चाकू घ्यायचा, तिच्याच पैशांनी घ्यावा लागला. येताना बसमध्ये यांच्या-त्यांच्या गोष्टी ती सांगत होती आणि मी कमरेतला चाकू चाचपत खिडकीबाहेर बघत होते. निम्मा माझा, निम्मा तिचा. मूठ माझी धरली तर पातं तिचं.

ती आता गावभर सांगेल, अशी मी वाट बघत राहिले. तिने कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. त्याचाही मला राग आला. सांगितलं असतं तर भांडता आलं असतं.

चाकू मात्र चांगला निघाला. नवरा घरातच मागू लागला. पहिल्यांदा मागितला तेव्हा उघडून पाहिला, हलवला आणि म्हणाला, "वहिनीच्यापेक्षा कडक आहे." ते वाक्य मी कितीतरी दिवस पुरवून पुरवून वापरलं. पण वावरात अजूनही हाक तिलाच यायची. माझा चाकू जवळ असला तरी बायका दोन सऱ्या ओलांडून तिच्याकडे जायच्या. तेव्हा कुठे मला उमगलं की त्या चाकूसाठी जातच नव्हत्या.

पैसे मी कापूस वेचणीच्या मजुरीतून थोडे थोडे फेडत होते. त्याच दिवसांत एकदा तिचा चाकू धार लावायला गेला होता. पोत्याची सुतळी तोडायला तिने माझ्याकडे हात केला. याच दिवसाची मी वाट बघत होते. मी चाकू उघडला आणि तिच्यासारखाच मुठीकडून पुढे केला.

तिने हात मागे घेतला. "खाली ठेव व."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी काय बाटेल शे का? बाकीच्यांना हातात, मला मातीत!"

ती पोतं सोडून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "चाकू हातोहात दिला की भांडण लागते, येडे. मह्या मायनं शिकवलं. त्या बायांशी लागलं त लागू दे, त्या संध्याकाळी आपापल्या घरी जातील. तुह्याशी लागून कसं चालीन? भिंतीले भिंत आहे आपली."

मी चाकू मातीवर ठेवला. तिने वाकून उचलला, सुतळी तोडली, परत मातीवर ठेवला. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही थोडं. पण एवढी वर्षं मी तिच्यावर जळत होते आणि ती त्याच वेळी भांडण टाळत होती, हेही तिलाच आधी सुचावं, याचा मला हेवा वाटला. तो आजही आहे.

वेचणी संपली त्या संध्याकाळी मी उरलेले पैसे घेऊन भिंतीपलीकडे गेले. ती भाकरी थापत होती. सवयीने मी पैसे तिच्याजवळ जमिनीवर ठेवायला वाकले.

"पैसे हातात दे," ती म्हणाली आणि पिठाचा हात पदराला पुसून पुढे केला.

मी दिले. तिने न मोजता बटव्यात टाकले. मी उभीच राहिले, तेव्हा वर बघून म्हणाली, "फिटले. आता बस, भाकरी खाऊन जा."

मी बसले. कमरेतला चाकू टोचत नव्हता. आता तो सगळा माझा होता.