येष्टीच्या दिवशीची गोळी

आईचे पाय सुजले की मी तिच्यावरच संतापायचे. सूज म्हणजे मीठ आणि मीठ म्हणजे लोणचं, एवढंच माझं डॉक्टरी ज्ञान! एकोणीसशे सत्तरनंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. ती मौद्याहून येष्टीनं नागपूरला यायची, मी स्टँडवर घ्यायला जायचे, आणि धरमपेठेतल्या डॉक्टरांकडे जाताना रिक्षात माझा पट्टा सुरू. "खाल्लंस ना पुन्हा लोणचं? जीभ जरा ताब्यात ठेव वं माय!"

"नाई वं बाई, बोटबी नाई लावलं," ती पदरानं घाम पुसत म्हणायची. मी मेलीनं एकदाही विश्वास ठेवला नाही.

तिचं हृदय थकलं होतं, ब्लडप्रेशरही होतं. डॉक्टरांनी एक प्रेशरची गोळी दिली होती आणि अंगात पाणी साठू नये म्हणून एक लघवीची. दोन्ही रोज सकाळी. "गोळ्या रोज घेता ना?" असं ते दर खेपेला विचारायचे आणि ती मान डोलवायची. माणूस भला होता, पण बाहेर इतकी गर्दी असायची की मान डोलली, विषय संपला. पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा. मग "एवढ्यानं भागत नाही दिसत" म्हणून ते लघवीची गोळी वाढवून द्यायचे.

गावी गेल्यावर वाढवलेल्या गोळीनं ती गळून जायची. पोटऱ्यांत गोळे यायचे, उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. वावरात जाणं सुटलं. मी चिठ्ठीत लिहायचे, चांगलं खा, दूध पी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

शेवटच्या खेपेला ती गाडीतून उतरली तीच धापा टाकत. ओठ काळेनिळे झालेले, शब्द फुटेना. डॉक्टरांकडे नेण्याऐवजी रिक्षा सरळ मोठ्या दवाखान्यात घातली. तिथं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी श्वास जरा खाली बसला, तेव्हा मी तिला भांडं दिलं आणि खाटेभोवती चादर धरून उभी राहिले. ती चक्क हसली.

"इथं बरं हाय बाप्पा. पायजे तवा जाता येते. येष्टीत कुठं जावं माणसानं?"

"म्हणजे गं?"

"अवं, ते गोळी घेतली का दुपारपावेतो सोडत नाई. गडीमाणसं गाडी थांबवून बाभळीमागं जातात. बाईनं काय करावं? म्हणून गावाले जायचं असलं का मी दोन-तीन रोज आधीपासूनच बंद करतो. लगनात जायचं असलं तरी बंद."

मी कपाळावर हात मारून घेतला. संध्याकाळी आमचे डॉक्टर तिला पाहायला आले, त्यांना सांगितलं. ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी दर वेळी गोळी बंद केलेली बाई तपासत होतो, आणि गोळी वाढवत होतो." मग आईकडे वळून, "अहो आजी, प्रवासाच्या दिवशी ती पोचल्यावर घ्यायची. दुपारी घेतली तरी चालते. आपल्या मनानं बंद करायची नाही, एवढंच."

"असं चालते? मंग पयले काहून नाई सांगतलं, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टरांनी चिठ्ठी मागून घेतली आणि वाढवलेली गोळी पुन्हा कमी करून लिहिली. 

नंतर तिनं एक गोळी चुकवली नाही. पण हृदय फार थकलं होतं, आणि येष्टीचा प्रवास डॉक्टरांनी कायमचा बंद केला. मी भेटायला गेले की ती म्हणायची, "आता कसं, दुपारी घ्याची नं सकायच्या गाडीनं तुह्या घरी याचं." यायचं म्हणून एक लुगडंही वेगळं काढून ठेवलं होतं. वाईट वाटतं हो, फार वाईट वाटतं. ते लुगडं तसंच राहिलं. उन्हाळा संपायच्या आत ती गेली.

तिच्या तेरवीला मी त्याच येष्टीनं निघाले होते. भर वैशाखातलं ऊन, पत्रा तापलेला, घशाला कोरड. शेजारच्या अनोळखी बाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"नको वं बाई," मी म्हणाले. "घरी पोचेपर्यंत काही नको."

तिनं मान हलवली आणि तांब्या परत पिशवीत ठेवला. स्वतःही ती प्यायली नाही. ओळख ना पाळख, पण तिला काही सांगावं लागलं नाही. त्या रस्त्यानं जायचं असलं की मी सकाळपासून चहासुद्धा घेत नसे, वर्षानुवर्षं. आणि माझ्या सख्ख्या आईची अडचण मला कळली नाही.