किती दिवसांचं देऊ?

चिठ्ठी हातोहात फिरली. कुणालाच वाचता येईना. डॉक्टरांचं अक्षर. शेवटी कुणीतरी म्हणालं, आपल्यात मेडिकलवाला बसलाय की, त्याला द्या. मेडिकलवाला म्हणजे मी. आणि चिठ्ठी माझ्याच नावाची होती.

धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या वेटिंग हॉलमध्ये रविवारी सकाळी ही बैठक भरते. दवाखाना डॉक्टरांचा, आणि विज्ञानकथांचा दिवाळी अंकही त्यांचाच. तिथली एक रीत आहे. लेखकाने कथा सगळ्यांसमोर वाचायची, मंडळींनी मतं द्यायची, आणि शेवटी डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर शेरा लिहायचा. कथेत रक्त कमी आहे, टॉनिक द्या. शेवट सुजलाय, कापा. लोक हसतात, लेखकही हसतो. दुसऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर मीही पोटभर हसलो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

त्याच गल्लीतल्या औषधाच्या दुकानात मी काउंटरवर उभा असतो. अकरा वर्षं झाली. डॉक्टरांच्या अक्षरावर माझं पोट चालतं. बैठकीत बाकी सगळे प्राध्यापक, इंजिनियर, बँकेतून निवृत्त झालेले. काउंटरवरचा मी एकटा, आणि आमच्या वस्तीतलाही मी एकटाच. माझ्या पहिल्या दोन कथा डॉक्टरांनी छापल्या होत्या. दोन्ही वेळा म्हणाले, तुमच्या वस्तीचं दुःख लिहा हो, ते तुमच्या हातचं आहे. अंतराळ आमच्यावर सोडा. दुःख मला काउंटरवर रोज दिसतं. घरी येऊन पुन्हा तेच लिहायचं, असा कायदा आहे का? मी अंतराळच लिहीत राहिलो.

ही तिसरी कथा. शनीच्या एका चंद्रावर पाण्याचं ठाणं आहे. तिथे दोन माणसं आहेत. एक आमच्याकडच्या खापा गावचा, त्याला सारखी कन्हान नदीची वाळू आठवते. दुसऱ्याची हवेची टाकी फुटते. खाप्याच्या माणसाकडे हवा आहे, पण ठाण्याचं यंत्र ती फक्त नात्यातल्या माणसालाच देऊ देतं. यंत्र विचारतं, "हा तुझा कोण?" तो म्हणतो, भाऊ. यंत्र नोंदी तपासतं आणि नाही म्हणतं. तो म्हणतो, मित्र. मित्राला हवा मिळत नाही. श्वास संपत येतो तेव्हा तो खरं सांगतो, की हा माझा माणूस आहे, आम्ही एकमेकांचे आहोत. यंत्र हे नातं धरतं आणि झडप उघडतं. त्याला लाज कुणी शिकवलेली नसते.

ज्याच्यासाठी ही कथा लिहिली तो खाप्याचाच आहे. कळमेश्वरच्या एका कारखान्यात फिटर आहे. सात वर्षं झाली आम्हाला. घरी तो माझा मित्र. मित्र म्हणून येतो, जेवतो आणि जातो.

वाचून झालं. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि विचारलं, "अनुभवातून आलंय का हे?"

मी म्हणालो, "नाही सर. कल्पना आहे."

माझ्याच कथेतला माणूस माझ्यापेक्षा धीट निघाला. मग डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि ती फिरत फिरत माझ्याकडे आली. मी उभा राहिलो आणि मोठ्याने वाचली.

"पेशंट: लेखक. तक्रार: पुरुषाला पुरुषाची ओढ. उपाय: दोघांपैकी एकाची बाई करावी. लेखकास मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवत आहे. कथा आणि लेखक, दोन्ही बरे होतील."

नीट वाचली. एक शब्द अडला, तिथे थांबून तो लावला. काउंटरवर लावतो तसा. हॉल हसत होता. माझे कान तापले होते, आणि कुठे बघावं ते कळत नव्हतं. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "किती दिवसांचं देऊ, सर?"

त्याच्यावर लोक सगळ्यात जास्त हसले. एकाने माझी पाठ थोपटली.

आजोबांनी याच शहरात धम्म घेतला. तेव्हापासून आमच्या घरात कुणी साहेबाच्या पाया पडत नाही. मी पाया पडलो नव्हतो, मी त्यांना हसवलं होतं. फरक फारसा नाही. चिठ्ठीचा राग मला आजही येतो. पण माझ्या त्या वाक्याची मला किळस येते.

दारात ताई उभी होती, हातात चहाचा ट्रे. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. त्याच दवाखान्यात आया आहे, ऑपरेशन थिएटरवर. भाऊजी गेल्यापासून आम्ही दोघंच राहतो. तिने सगळं ऐकलं होतं. घरी आल्यावर भाजी निवडता निवडता म्हणाली, "साहेब सोताहून पाठवून राहिले तं जाऊन ये ना गा. बरा होशीन."

"काहून? बिमार आहो का मी?"

 ती म्हणाली, साहेबाले नाराज करू नको, माही ड्युटी त्याहीच्याच हातात आहे. तिला भीती वाटत होती आणि ती खोटी नव्हती. म्हणून मी गेलो.

मनोविकारतज्ज्ञ बाई पलीकडच्याच गल्लीतल्या. त्यांनाही चिठ्ठी वाचता आली नाही. मी दुसऱ्यांदा ती मोठ्याने वाचली, माझी मीच. बाईंनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, हा आजार नाही, आजारांच्या यादीतून कधीच काढलाय, तुम्हाला काहीही झालेलं नाही.

माझे डोळे भरून आले. मी म्हणालो, "मग एवढं लिहून द्या."

त्यांनी पेन उचललं. चिठ्ठीवरचं डॉक्टरांचं छापील नाव पाहिलं आणि पेन ठेवून दिलं. "तोंडी सांगितलं ना. ते सीनियर आहेत. त्यांचे पेशंट येतात माझ्याकडे."

मी जिना उतरलो तो वेगळा माणूस होऊन. खरं काय ते या गल्लीत ठाऊक होतं. बंद दाराआड बोललंही जात होतं. कागदावर उतरवायला कुणाचा हात धजत नव्हता, आणि दर रविवारी स्वतःला लेखक म्हणवणारा मीही त्यांच्यातलाच होतो. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. वाटायलाच हवी होती.

पुढच्या रविवारी डॉक्टरांनी हसत विचारलं, "काय, औषध लागू पडलं का? अंक छपाईला जातोय. कथेत बाई आली का?"

मी चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"सर, चिठ्ठी चुकलेली असली की आम्ही माल देत नाही. डॉक्टरकडे परत पाठवतो. ही परत आणली आहे. कथेत दोघं पुरुषच आहेत. आणि तुम्ही विचारलं होतं, अनुभव आहे का. आहे. त्या दिवशी मी खोटं बोललो."

कुणी हसलं नाही. डॉक्टर घड्याळाकडे पाहून म्हणाले, पुढची कथा घेऊ या. माझी पाठ थोपटणारा माणूस छताकडे बघत होता. मी कथेचे कागद उचलले आणि बाहेर पडलो. 

कथा छापली गेली नाही. आठवडाभरात ताईला थिएटरवरून काढून वॉर्डातले संडास धुण्यावर टाकलं. कारण कुणी सांगितलं नाही. त्या दिवशी ती घरी आली, हात पुनःपुन्हा साबणाने धुतले, आणि माझ्यासमोर बसली.

"तो खाप्याचा पोरगा," ती म्हणाली. "तो तुहा कोन आहे?"

सात वर्षं मित्र हा शब्द तयार होता. तेव्हाही जिभेवर आलाच.

"माहा मानूस आहे, ताई," मी म्हणालो.

ती उठली आणि आत गेली. अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. तो आला की ताट वाढून ठेवते आणि बाहेर येत नाही. तिच्या हातात आलेल्या त्या झाडूचं ओझं माझ्यावर आहे, ते मी नाकारत नाही. पण म्हणून कथेतला एक शब्द मागे घेणार नाही.

कथा दोन मासिकांकडून परत आली. एकाने कारण कळवलं नाही. दुसऱ्याने लिहिलं, शैली चांगली आहे, एक पात्र स्त्री केल्यास विचार करू. काल मी ती तिसरीकडे पाठवली. स्वतःच्या नावाने, घरच्या पत्त्यावरून. सोबत छोटंसं पत्र आहे. कथेतले दोघंही पुरुष आहेत आणि पुरुषच राहतील. छापायची तर अशी छापा. नाहीतर परत पाठवा. बरी करून पाठवू नका.