थंडीला पुरणाऱ्या बॅटऱ्या

आमची एकच गाडी. डिझेलचा ट्रक, त्याच्या पाठीवर जनरेटर बसवलेला. शूटिंगचे दिवे त्याच्यावर चालतात. अंधेरीच्या स्टुडिओंपासून मढच्या बंगल्यांपर्यंत ती गाडी माझ्या नवऱ्यानं फिरवली. त्याला लकवा मारला आणि धाकटा दीर ती चालवायला लागला. नवऱ्याची उजवी बाजू गेली, बरोबर वाचाही गेली. ‘हां’, ‘नको’ आणि एखादा अर्धा शब्द, एवढंच उरलं. कामं घेणं, फोन करणं, गाडीचं हवं-नको बघणं माझ्यावर आलं. तोपर्यंत मी बालवाडीतल्या मुलांना शिकवत होते. बॅटरी म्हणजे टॉर्चमध्ये घालतात ती, एवढीच माझी ओळख.

त्याच वर्षी हिवाळ्यात हिमाचलचं काम आलं. मी हो म्हटलं. दीर तिकडं केबिनमध्येच झोपायचा. एका पहाटे गाडी चालू होईना. स्टार्टर नुसता कण्हला आणि गप्प झाला. इंजिन बंद म्हणजे केबिनचा हीटर बंद. युनिटची माणसं खाली गावात, हॉटेलात. थंडी सोसेना तेव्हा त्यानं शेजारच्या टपरीवरून कोळशाची शेगडी मागून आणली, केबिनमध्ये ठेवली आणि काचा लावून घेतल्या. टपरीवाला शेगडी परत न्यायला आला म्हणून तो आज आहे. दार उघडलं तर हा सीटवरून खाली घसरलेला, हाका मारल्या तरी ओ नाही. कोळशाचा जो वायू असतो तो दिसत नाही आणि त्याला वासही नसतो, हे मला तिथल्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं.

तो परत आला, पण सगळा नाही आला. बोलता बोलता मध्येच थांबायचा आणि आपण काय बोलत होतो ते शोधत बसायचा. चारकोपच्या ज्या नाक्यावर तो लहानाचा मोठा झाला, तिथं एकदा गाडी थांबवून त्यानं मला फोन केला, ‘वहिनी, घराकडं उजवीकडं वळायचं का डावीकडं?’

त्याची बायको, माझी जाऊ, तेव्हापासून माझ्याशी बोलत नव्हती. आमच्या खोल्या एकमेकींना लागून आहेत. मधे एक भिंत. तिच्या कुकरच्या शिट्ट्या मला ऐकू यायच्या, माझं रडणं तिला येत असणार.

पुढच्या हिवाळ्याआधी त्याच युनिटच्या मॅनेजरचा फोन आला. ‘ताई, या वेळी आणखी वर जायचंय. गाडी चालू होणार ना? नसेल तर आत्ताच सांगा, आम्ही दुसरी बघतो.’

मी एका दिवसाची मुदत मागितली. पावसाळा जवळजवळ रिकामा गेला होता. मोठ्या कंपन्यांच्या नव्या गाड्या आल्या होत्या, आमच्यासारख्या एका गाडीवाल्याला कोण विचारतं? नवऱ्याचे व्यायाम शिकवणारा माणूस आम्ही बंद केला होता आणि त्याचा उजवा हात पुन्हा छातीशी आखडायला लागला होता. मी दिराला म्हटलं, ‘भाऊजी, आपण दुसरा ड्रायव्हर बघू.’

तो म्हणाला, ‘आणि त्याला काही झालं तर? गाडी आपली आहे वहिनी. मीच जातो.’

जाऊ दारात उभी होती. कित्येक महिन्यांनी तिचा आवाज माझ्यासाठी निघाला. ‘मारायचंच आहे का त्याला? एकदा वाचला, ते पुरे नाही झालं का तुम्हाला?’

मी होकार कळवला आणि दुसऱ्या दिवशी बॅटऱ्या बघायला साकीनाक्याला गेले.

ऑक्टोबरचं ऊन होतं. पदरानं मान पुसत मी दुकानामागून दुकान फिरत होते आणि बर्फात चालणारी बॅटरी मागत होते. एक जण हसलाच. ‘ताई, मुंबईत थंडी कुठली? कुठलीपण लावा, झकास चालेल.’ दुसऱ्यानं एक अगडबंब बॅटरी पुढं सरकवली. ‘ही घ्या. हत्ती आहे हत्ती.’ मी घेणारच होते. एवढी मोठी, एवढी जड, म्हणजे ताकदही तेवढीच असणार, असं मला वाटलं. हमाल बोलवायला तो आत वळला तेवढ्यात मी सहज म्हटलं, ‘ट्रकमध्ये मावेल ना?’

‘ट्रकमध्ये?’ तो थांबला. ‘अहो ही इन्व्हर्टरची. घरात पंखे-दिवे चालवायची.’

मी ती बॅटरी तिथंच सोडून बाहेर पडले. मी विचारलं नसतं तर तीच बॅटरी घेऊन माझा दीर बर्फात गेला असता.

शेवटी गल्लीच्या टोकाला एका म्हाताऱ्या दुकानदारानं मला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. त्यानं समजावलं, ते मी बालवाडीच्या भाषेत डोक्यात बसवलं. एक असतो साठा, म्हणजे बॅटरी किती वेळ पुरेल. आणि एक असतो धक्का, म्हणजे एका दमात ती किती जोर देईल. इंजिन उठवायला धक्का लागतो. थंडीत बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि तेव्हाच इंजिनातलं ऑइल घट्ट होऊन बसतं, म्हणजे जोर जास्त लागतो. आमच्या गाडीला दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून लागतात. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच वयाच्या हव्यात. एक जुनी, एक नवी असली तर जुनी नवीलाही ओढून खाली नेते. गेल्या वर्षी आमच्या गाडीत नेमकं तेच होतं.

‘मग यातली कुठली घेऊ?’ मी त्याच्या फळीवरच्या दोन जोड्यांकडे बोट केलं.

‘थंडीतल्या धक्क्याचा आकडा या जोडीवर जास्त लिहिलाय. त्या जोडीवर साठा जास्त आहे.’ मग तो म्हणाला, ‘पण खरं सांगू का बाई? मी आयुष्यात बर्फ बघितलेला नाही. लिहिलंय ते वाचून दाखवतो. तुमच्या माणसाच्या जिवाची हमी मी कशी देऊ?’

तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं वाटलं. मी काहीच न घेता घरी आले आणि नवऱ्यापुढं बसून मोठमोठ्यानं बोलत सुटले. कोणालाच माहीत नाही, कोणीच सांगू शकत नाही, आणि भाऊजी पुढच्या आठवड्यात जातो म्हणतात, मी काय करू? तो नुसता बघत होता. त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं.

थोड्या वेळानं दार ढकलून जाऊ आत आली. भिंतीपलीकडून सगळं ऐकलं असणार. ती चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गोठवलेल्या मालाच्या गोडाऊनमध्ये कामाला आहे, मटार, पराठे, असलं. दिवसभर स्वेटर आणि कानटोपी घालून पॅकिंग करते. उभ्याउभ्याच म्हणाली, ‘आमच्या फ्रीझरच्या खोलीत ठेवून बघा. तिथं बर्फच आहे.’

‘तुला चालतील ठेवायला? तुझी नोकरी?’

‘नोकरीचं मी बघते. तुम्ही बॅटऱ्या आणा.’

म्हाताऱ्या दुकानदारानं दोन्ही जोड्या आमच्या शब्दावर दिल्या. जुन्या बॅटऱ्याही आम्ही चार्ज करून घेतल्या. जावेनं सुपरवायझरला काय सांगितलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. शनिवारी संध्याकाळी बॅटऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून दाराजवळ मालापासून लांब ठेवल्या आणि सोमवारी सकाळी माल निघायच्या आधी आम्ही तिघं आत गेलो. मी पहिल्यांदा तसली थंडी अनुभवली. नाकातला श्वास आतच अडकला. दीर दारातच थबकला आणि त्यानं चौकट घट्ट धरली. जावेनं त्याची पाठ चोळली. ‘दार उघडंच आहे. बघ, उघडंच आहे.’

त्यानं गॅरेजमधून मीटर मागून आणलं होतं. दोन चिमटे बॅटरीला लावायचे, बटण दाबून जोर द्यायचा आणि काटा बघायचा. जुन्या बॅटऱ्यांचा काटा लाल पट्टीत जाऊन पडला. जास्त साठ्यावाली जोडी जरा टिकली, मग तिचाही काटा हळूहळू उतरला. तिसऱ्या जोडीचा काटा थोडा उतरला आणि हिरव्या पट्टीतच थांबला. त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा तिथंच थांबला.

‘ही,’ जाऊ म्हणाली. माझ्या दंडावर तिची गार बोटं रुतली होती.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो खूश होईल असं वाटलं होतं, पण तो अस्वस्थ झाला. ‘ता... ता...’ म्हणत डावा हात गादीवर आपटायला लागला. मी ताट दाखवलं, तांब्या दाखवला, ताप आहे का म्हणून कपाळ बघितलं. ‘नको, नको, नको.’ त्यानं पाण्याचा पेला भिरकावून दिला. मग तोंड भिंतीकडं करून तो हुंदके देऊ लागला, आणि मीही जमिनीवर बसले. एवढ्याजवळ बसून त्याच्या आत जाता येत नव्हतं. जाऊ इकडंतिकडं बघत होती. तिनं ओट्यावरचा मिक्सर उचलला आणि त्याची वायर त्याच्यापुढं धरली. ‘तार?’

‘हां!’ तो ओरडला. ‘हां, हां!’

दीर पळतच गाडी उभी असते त्या मैदानावर गेला. बॅटरीकडून स्टार्टरकडं जाणारी जाड केबल त्यानं सोडवली. वरची, नवऱ्यानंच पूर्वी गुंडाळलेली चिकटपट्टी काढल्यावर आतलं तांबं हिरवं पडलेलं, बोटानं चोळलं की भुगा होणारं. बॅटरी कितीही तगडी असती तरी तिचा जोर त्या केबलमधून पुढं पोचलाच नसता. केबल बदलली, ऑइल थंडीतलं पातळ घातलं आणि गाडी निघाली. जाऊ वळणापर्यंत मागं गेली.

वर पोचल्यावर रोज सकाळी फोन यायचा. ‘जय भीम वहिनी. झाली चालू.’ एवढंच. मग एका सकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मॅनेजरचाही लागेना. बातम्यांत तिकडं बर्फ पडून रस्ते बंद झाल्याचं सांगत होते. जाऊ कामावर गेली नाही. ती माझ्या खोलीत फोन मांडीवर घेऊन बसली. मी चहा केला, तो तसाच राहिला. ती म्हणाली, ‘मीच फ्रीझर दिला. मीच पाठवला त्याला.’ मी म्हटलं, ‘अगं, मी पाठवला.’

फोन आला तो तिसऱ्या दिवशी दुपारी. बर्फानं टॉवर बंद पडला होता. गाडी रोज चालू होत होती, पहिल्या नाहीतर दुसऱ्या चावीला. हीटर होता, दिवे होते, काम पूर्ण झालं.

पण तो परतला तेव्हा खोकल्यानं वाकलेला होता. न्यूमोनिया निघाला, पार्ल्याच्या एका हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. तिथं त्यानं सांगितलं की हीटर चालू असूनही त्याला केबिनच्या काचा बंद करवल्या नाहीत. एकदाही नाही. तसल्या थंडीत तो रोज खिडकी उघडी टाकून, तोंड बाहेर काढून झोपला होता. ‘काच लावली की जीव घुसमटायचा वहिनी. इंजिन चालू असायचं, सगळं ठीक होतं, तरी लावता यायची नाही.’

जाऊ त्याच्या पायाशी बसून ऐकत होती. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो लहान मुलासारखा रडला.

पुढच्या हिवाळ्यात मॅनेजरचा पुन्हा फोन आला. गाडीवर खूश होता. मी नाही म्हटलं. ‘ताई, बॅटऱ्या तर मस्त आहेत तुमच्या,’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘आहेत.’ त्यानं पुन्हा कधी फोन केला नाही आणि त्याच्या ओळखीची इथली कामंही गेली. आता गाडी लग्नाच्या मैदानांवर जाते, कधी मालाडला, कधी मुलुंडला. महिन्यातले बरेच दिवस ती उभीच असते. दीर तिच्या केबिनमध्ये सावलीला बसतो. दोन्ही दारं उघडी ठेवून.