शैलाताईंचा समुद्रातला दिवस

शैलाताई सहलीला यायच्या आणि कुठेच जायच्या नाहीत. थंडीत आमची कुवेतमधली मराठी मंडळी शहराबाहेर वफ्राच्या एखाद्या शेतावर दिवसभरासाठी जायची. बसमधून उतरलं की कुणी काचघरातले टोमॅटो बघायला पळायचं, कुणी खजुराच्या झाडाखाली फोटो काढायला. शैलाताई मात्र सावली बघून सतरंजी अंथरायच्या, चपला कोपऱ्यावर ठेवायच्या आणि बसून राहायच्या. मी त्या वर्षी कुवेतला नवा होतो, कुणाला ओळखत नव्हतो. विचारलं, "ताई, तुम्ही नाही येत शेत बघायला?" तर म्हणाल्या, "हिंडायला लागलं की माणसं पांगतात हो. तुम्ही बसा इथे. बघा, येतात सगळी." आणि खरंच, जेवायच्या आत अख्खी सहल त्या सतरंजीवर गोळा झाली. मी तर उठलोच नव्हतो.

नंतर कळलं, त्या आमच्याच हॉस्पिटलात सिस्टर आहेत. मी एक्स-रे टेक्निशियन. त्या दापोलीकडच्या किनाऱ्यावरच्या, मी लातूरचा. मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही, पहिल्या दिवसापासून 'लातूरकर'. बुटकी मूर्ती, पांढरे बूट, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. चालताना पायांचा आवाज म्हणून यायचा नाही. अचानक कानाशी "लातूरकर, चहा घेतला का?" असं ऐकू आलं की मी दचकायचो आणि त्यांना हसू आवरायचं नाही. अरबी त्यांचं मोडकंतोडकंच. पण घाबरलेल्या एखाद्या म्हातारीच्या उशाशी स्टूल ओढून त्या नुसत्या बसल्या, की म्हातारी हळूहळू शांत व्हायची. माणसाजवळ बसून राहणं हे एक काम आहे आणि ते नीट करता यावं लागतं, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

दैवाची थट्टा अशी की ज्या एका माणसाजवळ बसावं असं त्यांना वाटत होतं, तिथेच बसायचं राहून गेलं होतं. केतकी, त्यांची एकुलती एक मुलगी. केतकी शाळेत होती ती सगळी वर्षं ताईंनी रात्रपाळी केली. यजमान अम्गराला बांधकामाच्या सामानाच्या यार्डात स्टोअरकीपर होते. ते संध्याकाळी घरी आले की या ड्यूटीवर निघायच्या. सकाळी परतायच्या तोवर केतकीची बस गेलेली. मग खिडक्यांच्या काचांना चिकटवलेलं फॉइल, दारावरच्या बेलमध्ये कापसाचा बोळा, आणि झोप. रात्रपाळीवरून आलेल्या माणसाला उठवायचं नाही, हा इथल्या प्रत्येक नर्सच्या घरचा नियम आहे. मुलांना तो बोलता यायच्या आधी समजतो. "पोरीचं लहानपण मी झोपून काढलं, लातूरकर," असं त्या एकदा चहाचा कप विसळता विसळता म्हणाल्या आणि लगेच वॉर्डात निघून गेल्या.

केतकी पुढे अमेरिकेत गेली, शिकली, आणि फ्लोरिडात चोवीस तास चालणाऱ्या प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टर झाली. फोन व्हायचे. ताई मराठीत विचारायच्या, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि जेवलीस का, झोपलीस का, यापुढे गाडी सरकायची नाही. यजमान त्यांच्या आईच्या आजारपणासाठी दापोलीला परत गेले होते. ताईंची निवृत्तीही जवळ आली होती. एकदा गावी गेलं की अमेरिका आणखी लांब पडणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "मला एक अख्खा दिवस हवाय हो," त्या म्हणायच्या. "सकाळी उठल्यापासून दिवे लागेपर्यंत. ती आणि मी. बाकी काही नको."

अशात केतकीचा फोन आला. तिला थोडीशी रजा मिळत होती. आईने यावं आणि दोघींनी कॅरिबियनच्या चार रात्रींच्या बोटीवर जावं, असं तिचं म्हणणं. तिने दोन बोटी निवडून पाठवल्या. पहिली रोज एका नव्या बंदराला लागणार होती. दुसरी नासाऊला थांबून एका छोट्या बेटाला जाणार, आणि शेवटचा संपूर्ण दिवस नुसती समुद्रात असणार. ताईंनी मला सलवाच्या त्यांच्या फ्लॅटवर बोलावलं, पुढ्यात पोह्यांची बशी ठेवली आणि म्हणाल्या, "सांगा आता, कुठली?"

यात विचारायचं काय आहे, असं मला वाटलं. इतकं पाणी एका जागी बघितलं की आम्हा लातूरकरांना मुळातच धास्ती वाटते. "ताई, एवढ्या लांब जाऊन दिवसभर पाणीच बघायचं असेल तर इथे खाली किनारा आहे की. चालत जा, फुकट बघा. बंदरं घ्या. चार गावं बघून होतील." मी व्हिडिओही बघून ठेवले होते. समुद्रातल्या दिवशी म्हणे लोक भल्या सकाळी बोटीवरच्या पोहण्याच्या तलावाकाठच्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून ठेवतात, आपण एस्टीत रुमाल टाकतो तसे, आणि मग नाश्त्याला जातात. वर वारा. एखाद्याला बोट लागली तर दिवस पांघरुणातच.

ताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बंदर म्हणजे काय होतं सांगू?" त्या म्हणाल्या. "सकाळी उतरायची घाई. रांगा. मग चष्मे नि टोप्या विकणारी माणसं. दुपारी पुन्हा चढायची घाई. आमची केतू पुढे चालणार, ढांगा टाकत. मी मागून. चार गावं बघून होतील खरी, पण मी नुसती तिची पाठ बघणार. पाण्यात बोट असली की कशी जाईल ती? जाऊन जाऊन दुसऱ्या मजल्यावर जाईल."

मी पोहे खाल्ले.

त्याच दुपारी केतकीशी व्हिडिओवर बोलणं झालं. मागे कुठलं तरी कुत्रं केकाटत होतं. "आई, सी-डे इज सच अ वेस्ट!" ती म्हणाली. तिला बंदरं हवी होती, पाण्यात बुडी मारून मासे बघायचे होते. ताई हट्टाने काही मागताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. "नासाऊला तू म्हणशील ते करते. ते नळी लावून पाण्यात डोकं घालायचं, तेसुद्धा करते. पण शेवटचा दिवस माझा." केतकी हसली, खांदे उडवले आणि म्हणाली, "ओके, डील." आणि फोन ठेवला. ताई बराच वेळ काळ्या पडलेल्या पडद्याकडे बघत होत्या.

मग सुरू झाली त्या एका दिवसाची तयारी. बकाल्यातून, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानातून, खोबरेल आणलं. पोरीच्या केसांना स्वस्थपणे तेल लावायचं होतं. पत्त्यांचा नवा कॅट घेतला, कारण केतकीला भिकार-सावकार फार आवडायचं. चहा गॅलरीत बसून प्यायचा म्हणून गॅलरीवाली खोली मागितली. काय बोलायचं तेही मनाशी ठरत होतं. वॉर्डात औषधांची ट्रॉली ढकलता ढकलता त्या मधेच थांबायच्या आणि मला सांगायच्या, "तिची आजी कशी हसायची ते तिला ठाऊकच नाही. ते सांगेन." मी चेष्टा करायचो, "ताई, दिवस एकच आहे, त्यात किती कोंबाल?" त्या म्हणायच्या, "समुद्रातला दिवस मोठा असतो हो. तुम्हा लातूरकरांना काय कळणार!"

त्या गेल्या आणि परत आल्या. मी वाट बघत होतो. पण हॉस्पिटलात विचारलं तर म्हणाल्या, "इथे नको. शुक्रवारी या, निवांत सांगते."

शुक्रवारी दुपारी आम्ही सलवाच्या किनाऱ्यावर बसलो. हवेत धूळ होती, उन्हाला धार नव्हती. समुद्र आणि आकाश एकाच फिकट रंगाचे झाले होते आणि त्यांच्या मधली रेघ दिसत नव्हती. दूर एक बोट होती, ती पाण्यात आहे की हवेत, कळत नव्हतं. ताईंनी चपला काढून वाळूवर ठेवल्या.

"बंदरं छान होती," त्या म्हणाल्या. "डोकं पाण्यात घातलं मी. निळे मासे होते. पाठ बघितली तिची, तीही छान होती." मग जरा थांबून, "शेवटच्या दिवशी मी उजाडतानाच उठले. चहा मागवला. तेल काढून ठेवलं. बघते तर ही झोपलेली. तोंड उघडं टाकून."

"मग?"

"मग काय, झोपलेलीच. चहा निवला. नाश्त्याची वेळ गेली. मी खुर्ची ओढून बसले."

"उठवायचं ना ताई!" मी जवळजवळ ओरडलोच. माझाच दिवस कुणी पळवला असावा असा मला राग आला होता.

"कसं उठवू? सलग रात्रपाळ्या करून ती बोटीवर चढली होती. मला तिने सांगितलं नव्हतं, पण आम्हाला कळतं ना, डोळ्यांखाली बघितलं की. एकदा खांद्यापर्यंत हात नेला मी. पण नाही हो होत. तो नियम हाडात गेलाय." त्या वाळूत बोटाने रेघा ओढत होत्या. "खोटं कशाला सांगू, रडले मी. म्हटलं, एवढं भांडून मागून घेतलेला दिवस, हाही झोपेतच चालला. तेव्हा माझ्या, आता तिच्या. देवाने बरोबर हिशेब केला म्हटलं."

मी पायाखालची वाळू उकरत राहिलो.

"मग दुपारी कधीतरी ते रडं संपलं. पडदा अर्धा ओढला होता. पाण्यावरचं ऊन आत येऊन छतावर हलत होतं. बोट अशी अगदी हळू डुलायची, आणि तिच्याबरोबर ते ऊनही. हिचा श्वास ऐकू येत होता. मला वाटायला लागलं, ही पाच वर्षांची आहे. मग वाटलं, आत्ताच झालीये, मी बाळंतिणीच्या खोलीत आहे. मधेच माझाही डोळा लागला असेल. भूक नाही, तहान नाही. आपण कुठे चाललोय याचंही भान नव्हतं. इतक्या सुखात मी कधी बसले नव्हते, लातूरकर."

"आणि ती उठली कधी?"

"उन्हं कलल्यावर. उठली, घड्याळ बघितलं नि तोंडच उतरलं तिचं. सॉरी सॉरी करत राहिली इंग्रजीत, तुझा दिवस घालवला म्हणून. मी म्हटलं, अगं असू दे. मग माझ्याकडे बघत राहिली, मी कशी बसलेय ते. आणि एकदम मराठीत बोलायला लागली. म्हणाली, आई, मी शाळेतून आले की अशीच बसायचे. तू झोपलेली असायचीस, मी तुझ्या पायाशी. दप्तर न वाजवता ठेवायचे. डबा तिथेच खायचे. मला दिवसातलं तेच सगळ्यात आवडायचं."

समोरची ती बोट धुळीत विरून गेली होती.

"म्हणाली, तू लवकर उठू नयेस असं मला वाटायचं. मी म्हटलं, का गं? तर म्हणते, उठलीस की तू ड्यूटीला जायचीस ना."

वर्षानुवर्षं ज्या झोपेचा त्यांनी अपराध मानला, त्याच झोपेशेजारी त्यांची मुलगी आनंदात बसलेली होती, आणि त्यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. मी विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार?" शैलाताईंनी चष्म्याच्या काचा ओढणीने पुसल्या. "मी म्हटलं, झोप अजून थोडा वेळ, आज मला ड्यूटी नाही. आणि झोपली हो ती."